आत्या कुजली नाही

माझा भाऊ फोनवर रडत होता. तो रडायला लागला की मला आधी संशय येतो. दया नंतर कधीतरी येते, आली तर.

"ताई, आत्या जशीच्या तशी हाय गं," तो म्हणाला. "काल ठेवल्यासारखी. कुजलीच न्हाई. चमत्कार झालाय ताई. ये लवकर."

आत्याला पुरून सहा-सात पावसाळे झाले होते.

भोरच्या कडेला आमच्या लोकांची एक लहानशी दफनभूमी आहे. आमचे लोक म्हणजे पाच-सहा कॅथलिक घरं. कुणाचे वडील नगरकडून सरकारी दवाखान्यात नोकरीला आले, कुणाचे शाळेत. शेजारी पत्र्याची शेड आहे, तिला आम्ही प्रार्थनाघर म्हणतो. महिन्यातून एकदा पुण्याहून फादर मोटरसायकलवर येतात, मिस्सा, म्हणजे आमची मुख्य उपासना, करतात, कुणाच्या तरी घरी जेवतात आणि जातात. त्या जागेला लागून जाणारा रस्ता रुंद व्हायचा होता. कुंपणाकडच्या चार कबरी रस्त्यात जाणार होत्या, त्यांना वरच्या अंगाला हलवायचं ठरलं. तहसीलचा कागद आला, तलाठी आले, फादर आले. आमच्यातही आणि मुसलमानांतही कबरी खोदणारे एक चाचा आहेत, ते कुदळ घेऊन आले. पहिल्या तीन कबरींत हाडं निघाली, ती नव्या कापडात बांधली. चौथी आत्याची.

मी किकवीत राहते. लग्न करून हिंदू शेतकरी घरात आले, तेव्हा भावाने मला सांगितलं होतं की तू आम्हाला मेलीस. लग्नाला माहेरचं एकच माणूस आलं, आत्या. एसटीने, मांडीवर करंज्यांचा डबा घेऊन. मांडवात बसून तिने सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं होतं, "नवरदेव दारू पितो का? न्हाई ना? मग झालं की." म्हणून भावाचा फोन आला तेव्हा मी निघाले. आत्यासाठी निघाले, चमत्कारासाठी नाही.

सासूबाईंनी माझ्या तोंडून अर्धीमुर्धी गोष्ट ऐकली आणि ठेवणीतलं लुगडं नेसून त्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"म्या बी येते," त्या म्हणाल्या. "आमच्यात अशांची समाधी बांधत्यात. जित्तेपणी मानूस कळत न्हाई. हात जोडून येऊ."

मी त्यांना स्कूटीवर मागे बसवलं. वाटेत भाटघरच्या धरणाजवळ त्यांनी मला थांबवून हार विकत घेतला. त्यांना काय सांगणार?

खरं तर मला या विषयातलं थोडं कळतं. लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात सिस्टर आम्हाला चित्रं दाखवायच्या. काचेच्या पेटीत झोपलेल्या परदेशी संतिणी, गुलाबी गाल, मिटलेले डोळे. शेकडो वर्षांपूर्वी वारल्या आणि अजून ताज्या. आम्ही तोंडाचा आ करून बघायचो. त्यातल्या काहींच्या चेहऱ्यावर मेणाचा मुखवटा असतो, हे मला फार पुढे वाचून कळलं. सिस्टरना ते माहीत होतं की नव्हतं, कोण जाणे. माहीत असतं तरी त्यांनी सांगितलं नसतं. गुलाबी गाल बघून वर्ग शांत बसायचा.

मग मी कॉलेजात असताना पुण्याच्या चर्चची बस गोव्याला गेली. तिथल्या संताचं शरीर बऱ्याच वर्षांनी एकदा खाली उतरवून लोकांना दाखवतात, त्या दर्शनाला. आम्ही तिघं गेलो, आत्या, भाऊ आणि मी. ऊन मी म्हणत होतं. रांग इतकी लांब की शेवटी आत्याने चप्पल काढून पदरात गुंडाळली, कारण पाय सुजले होते. आत पोचलो तेव्हा काचेच्या पेटीत झगझगीत वस्त्रं होती आणि त्या वस्त्रांच्या एका टोकाला काळपट, सुकलेला, फार लहान झालेला चेहरा. भावाने काचेवर डोकं टेकलं. मागच्या बाईने त्याला ढकललं, तर तो तिच्याकडे असा बघायला लागला की जणू ती सैतानाकडून आली आहे.

आत्या नुसती बघत राहिली. बाहेर आल्यावर तिने आमच्याबरोबरच्या सिस्टरना विचारलं, "सिस्टर, ह्यांना पुरनार कधी?"

सिस्टर दुखावल्या. "पुरायचं कसं? देवाने राखलंय त्यांना."

"राखलंय कुठं, वाळलंय की बिचारं," आत्या म्हणाली. "आयुष्यभर पायपीट केली म्हनं यांनी. मेल्यावर तरी पडू द्यावं एका जागी." मग सरबताचा पेला संपवून मला म्हणाली, "माझं असलं काय करू नका गं. मला आपली मातीच बरी."

हे बोलणं भावानेही ऐकलं होतं. तो शेजारीच उभा होता, गळ्यात घालायचं पदक निवडत.

आत्या म्हणजे आमच्या वडिलांची धाकटी बहीण. आई गेली तेव्हा मी शाळेत होते आणि भाऊ अंगणवाडीत. आत्या नगरहून आली ती राहिलीच. तिचं लग्न ठरत होतं म्हणे, ते राहिलं. तिने आम्हाला वाढवलं, वडिलांचं दुखणं काढलं, आणि वडील गेल्यावर घर भावाच्या नावावर झालं तेव्हा तिची खाट आतल्या खोलीतून मागच्या पडवीत गेली. गॅसच्या सिलिंडरशेजारी. भावजय मला म्हणाली होती, "त्यांनाच मोकळी हवा लागते." भोरच्या पावसाळ्यात मागच्या पडवीत मोकळी हवा पुष्कळ असते, आणि पाणीही.

ती गेली तीही अशाच पावसात. भावाने शवपेटी पुण्याहून मागवली नाही. ओळखीच्या सुताराकडून प्लायवूडची ठोकून घेतली. खड्ड्यात पाणी साचत होतं, प्लाय भिजून फुगला तर उतरवतानाच पेटी उकलेल आणि लोकांत शोभा होईल, म्हणून त्याने कुणाच्या तरी शेतावरचा निळा प्लास्टिकचा कागद आणला. भाताचा पेंढा झाकायला असतो तो. आत्याला आधी त्यात गुंडाळलं, मग पेटीत ठेवलं, मग पेटीही गुंडाळली. अंगावर जांभळी नायलॉनची साडी होती. ती भावजयीच्या भावाच्या लग्नात आत्याला मिळालेली, आणि टोचते म्हणून आत्याने कधी नेसली नव्हती. भावजय म्हणाली, कोरी आहे, कोरीच घालू. हे सगळं माझ्यासमोर झालं. म्हणून भाऊ चमत्कार म्हणाला तेव्हा मला लगेच तो निळा कागद आठवला.

आम्ही पोचलो तेव्हा शेडबाहेर पन्नासेक माणसं होती. आमची पाच-सहा घरं मिळून इतकी माणसं होत नाहीत. बाकीचे बाजारातले, शेजारपाजारचे, रस्त्याच्या कामावरचे. चाचा एका दगडावर बसून तंबाखू मळत होते. मला बघून म्हणाले, "बेटा, नवी कबर सकाळीच खोदून ठिवली. मला कुनी सांगतच न्हाई, माती टाकू का घरी जाऊ."

फादर निघून गेले होते. त्यांना पुण्यात एक दफन होतं. जाताना त्यांनी भावाला स्पष्ट सांगितलं होतं की बाकीच्यांबरोबर हिलाही आजच वर पुरा. भाऊ त्यांना हो म्हणाला आणि फादरांची मोटरसायकल वळणापलीकडे गेल्याबरोबर त्याने आत्याला शेडमध्ये आणून दोन बाकांवर फळी टाकून ठेवलं.

मी आत गेले. चेहरा होता, हे खरं. तो आत्याचा आहे असं म्हणता येत होतं, पण आत्याला ओळखणारा माणूस ते चटकन म्हणाला नसता. साबणाची वडी जुनी झाल्यावर पिवळट होते आणि तिला भेगा पडतात, तशी कातडी. नाक बसलेलं. ओठ मागे गेलेले. हातात जपमाळ, बोटं एकमेकांना चिकटलेली. साडी मात्र खरोखर जशीच्या तशी होती, जांभळा रंग लखलखीत. चमत्कार झाला असेलच तर तो साडीचा झाला होता.

सासूबाईंनी हार आणला होता, पण तो त्यांनी घातला नाही. त्या जवळ गेल्या, बघितलं, आणि मला हळूच म्हणाल्या, "झाका गं तिला. बाई मानसाला असं उघडं टाकत्यात व्हय?"

झाकायला कुणी तयार नव्हतं. उशाशी भावजय उभी होती, डोक्यावर पदर, आवाज मऊ. हा आवाज मी तिच्या तोंडी पहिल्यांदाच ऐकत होते.

"एकच पोळी खायच्या बघा," ती लोकांना सांगत होती. "उभ्या जन्मात दुसरी मागितली न्हाई. आम्ही म्हणायचो, आत्या घ्या की, तर न्हाईच म्हणायच्या. उपास असायचा त्यांचा मनातल्या मनात."

दुसरी पोळी मागितल्यावर काय ऐकावं लागतं, हे आत्या एकदाच शिकली होती. मला तिने ते सांगितलं होतं, हसत.

"दागिन्याचा मोह न्हाई. कानातलंसुद्धा काढून दिलेलं त्यांनी."

काढून दिलं होतं हे बरोबर. दांडी मोडली म्हणून दुरुस्तीला दिलं होतं. ते आता भावजयीच्या कानात होतं.

"आणि झोपायच्या कुठं, तर मागं, पडवीत. संत माणसाला गादी लागती का?"

ऐकणाऱ्या बायका माना डोलवत होत्या. एकीने डोळ्यांना पदर लावला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ज्यांनी तिला उपाशी ठेवलं ते तिचा उपास सांगत होते, आणि तिला बाहेर काढणारे तिचा वैराग्यभाव. खोटं बोलणारा माणूस मला एक वेळ चालतो. पण हिचं एकेक वाक्य खरं होतं, आणि तेच जास्त ओंगळ होतं.

तिच्या हातात कात्री होती. साडीचा काठ तिने आधीच कापायला सुरुवात केली होती. बोटभर तुकडे, येईल त्याला एक.

मी बाहेर गेले. निळा कागद खड्ड्याच्या काठावर चुरगळून पडला होता, चिखलाने माखलेला. मी तो उचलून आत आणला आणि आत्याच्या पायाशी टाकला.

"हा तुमचा चमत्कार," मी भावाकडे बघून म्हटलं. "आत हवा गेली नाही, माती लागली नाही, किडा शिरला नाही. पेंढा झाकायचा कागद आहे हा. तूच आणलेला, आठवतंय का?"

भाऊ पुढे आला. गोव्यातलं पदक त्याच्या गळ्यात होतं. "ताई, तू धर्म सोडून गेलीस. तुला ह्यातलं बोलायचा अधिकार न्हाई."

"तिला माती हवी होती. तुझ्यासमोर बोलली होती ती."

"तेव्हा तिला तरी काय ठाऊक होतं, देवाच्या मनात काय हाय ते?"

मी लोकांकडे वळले. मला वाटलं होतं की कागद बघून निदान चार माणसं तरी चपापतील. गर्दीतून एक बाई पुढे आली. सारोळ्याहून आली होती, कडेवर मुलगी, मोठी, कडेवर घ्यायच्या वयाची नव्हे. मुलीची मान धरत नव्हती.

"ताई," ती मला म्हणाली, "पावसात पुष्कळ जनांना कागदात गुंडाळून पुरत्यात. सगळीच अशी ऱ्हात्यात का?"

"राहत असतील. उकरून कोण बघतंय?"

"मग ह्यांनाच का उकरलं?"

तिने भावजयीकडून तुकडा घेतला आणि मुलीच्या मनगटाला बांधला. तिला तोडून बोलणं जमलं नाही, आणि तिच्यामुळे उरलेल्यांना बोलायचीही सोय राहिली नाही. भाऊ माझ्याकडे बघून हसला. कोर्टात जिंकल्यासारखा.

दुपारनंतर तर कहर झाला. फरसाणाच्या दुकानांना काचेची कपाटं करून देणारा एक माणूस टेप घेऊन आला आणि आत्याची लांबी-रुंदी मोजायला लागला. भावाने त्याला बोलावलं होतं. "वरून लाईट बसवू का आतून?" तो विचारत होता. "आतून बसवला तर माल उठून दिसतो." मग त्याला कळलं की आपण काय बोललो, आणि त्याने जीभ चावली. त्या शेडमध्ये दिवसभरात लाजलेला तो एकटाच.

मी फादरांना फोन केला. ते म्हणाले, "उद्या सकाळी येतो. तोवर कापड तरी टाका."

मी चादर टाकली. भावजयीने ती काढली. मी परत टाकली. असं दोनदा झाल्यावर सासूबाई तिथल्या बाकावर जाऊन बसल्या आणि चादरीच्या टोकावर त्यांनी हात ठेवला. परक्या घरच्या म्हाताऱ्या बाईचा हात उचलायची भावजयीची हिंमत झाली नाही. संध्याकाळी शेडला कुलूप लागेपर्यंत सासूबाई तिथून हलल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुलूप काढलं तेव्हा आतून वास आला. खवट तुपाचा असतो तसा, आणि त्याखाली आणखी काहीतरी. संतांच्या शरीराला फुलांचा सुगंध येतो अशी आमच्यात जुनी समजूत आहे. भावजयीने पर्समधून मोगऱ्याचा स्प्रे काढला, गाडीत मारतात तो, आणि कोपऱ्याकोपऱ्यात मारला. पाच मिनिटांनी आलेल्या एका बाईने लांब श्वास घेऊन डोळे मिटले आणि म्हणाली, "मोगरा!" मी तिथे हसले. आत्याचं शरीर समोर असताना मी मोठ्याने हसले, आणि आत्याही हसली असती याबद्दल मला शंका नाही.

चेहरा रात्रीत काळवंडला होता. गाल खाली ओघळायला लागले होते. जे मातीखाली इतकी वर्षं टिकलं, ते एका रात्रीच्या हवेत उतरत होतं. भाऊ म्हणाला, "लोकांची नजर लागली." त्याच्या धर्मात नजर कधीपासून लागायला लागली ते मी विचारलं नाही.

फादर आले. थकलेला, टक्कल पडलेला माणूस, हेल्मेटचा वळ कपाळावर. त्यांनी आत येऊन आत्याला बघितलं, क्रूसाची खूण केली, कापलेल्या साडीकडे बघितलं, मग भावाकडे.

"मी काल काय सांगितलं होतं?"

"फादर, पण शरीर तर टिकलंय. गोव्यात..."

"नुसतं शरीर टिकलं म्हणून कुणी संत होत नाही. चर्चही तसं मानत नाही. माणूस जगला कसा ते बघतात." त्यांनी हेल्मेट बाकावर ठेवलं. "ही बाई कशी जगली ते तुम्ही सांगणार आहात का मला?"

भाऊ भावजयीकडे बघायला लागला. भावजयीने पोळीची गोष्ट सुरू केली. फादरांनी ती पुरी ऐकली. त्यांना काय कळलं आणि काय नाही, मला सांगता येणार नाही, पण गोष्ट संपल्यावर ते म्हणाले, "आता पुरुष मंडळींनी बाहेर जायचं." आणि स्वतःही गेले.

मी आणि सासूबाईंनी ती नायलॉनची साडी काढली. कात्री लावूनच काढावी लागली. ते काम कसं असतं ते लिहिण्यात अर्थ नाही. सासूबाई मध्येच म्हणाल्या, "किती बारीक व्हती गं तुझी आत्या." त्यांनी तिला ओल्या फडक्याने हलक्या हाताने धुतलं, मग आम्ही तिला सुती धोतराच्या पानात गुंडाळलं, नुसतं कापड, वर काही नाही. पेटी फादरांनीच नको म्हटली.

चाचांनी माती टाकली. भाऊ खड्ड्याच्या काठावर उभा राहून रडला, या वेळी खरंच रडला असावा, कारण फरसाणवाल्या कपाटाचा माणूस कधीच निघून गेला होता आणि बघायला फारसं कुणी उरलं नव्हतं. मी त्याच्याजवळ गेले नाही.

पुढे रस्ता झाला. गाड्या आता त्या जागेवरून सुसाट जातात. वरच्या अंगाला चार कबरी आहेत, त्यांपैकी आत्याच्या कबरीवर पहिले काही महिने मेणबत्त्या असायच्या. पावसाळ्यात चिखल झाला आणि लोक यायचे थांबले. श्रद्धा म्हणतात ती हीच, चपला खराब होणार नसतील तोवर. सारोळ्याची बाई एकदा किकवीच्या बाजारात दिसली. मुलगी बरोबर नव्हती. मी विचारलं नाही, ती फक्त मान हलवून पुढे गेली.

भाऊ मात्र थांबला नाही. आत्याचा एकटीचा फोटो कधी काढलाच नव्हता, म्हणून त्याने एका लग्नातल्या घोळक्याच्या फोटोतून तिचं तोंड कापून मोठं केलं, मागे निळं आकाश घातलं आणि बैठकीत लावलं. तिच्या खांद्यावर कुणाची तरी बोटं राहिली आहेत, ती काही पुसली गेली नाहीत. आता त्याला तोच फोटो घालून लोकांना वाटायला प्रार्थनेचं कार्ड छापायचं होतं. भावजयीचा फोन आला.

"ताई, कार्डावर आत्यांबद्दल दोन ओळी टाकायच्यात. तुमी त्यांच्या जवळच्या. काय टाकू?"

"मिश्री लावायची रोज सकाळी, ते टाक."

"ताई!"

"शिव्या फार सुंदर द्यायची. मटणातली नळी कुणाला देत नसे. मला आणि तुझ्या नवऱ्याला दोघांनाही फुंकणीने मारलेलं आहे तिने. आणि तुला ती काय म्हणायची, ते सांगू का?"

मग मऊ आवाज आला, तोच, शेडमधला.

"मी 'शांत स्वभावाच्या होत्या' असं टाकते."

"टाक," मी म्हटलं.

कार्ड छापून आलं. एक आमच्याकडे पोस्टाने पाठवलं, मला चिडवायलाच असणार. सासूबाईंनी ते उघडून बघितलं, त्यांना वाचता येत नाही, आणि फोटोला हळदकुंकू लावून देव्हाऱ्यात खंडोबाच्या टाकाशेजारी उभं केलं. मी दोनदा सांगून बघितलं. त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. म्या धुतलंय तिला." देव्हारा त्यांचा आहे.